मानलेलं चालत नाही

"भाऊ," विजयश्री म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोलून बसलो.

टेबलापलीकडच्या लक्ष्मम्मांनी मान वर केली. कलबुर्गीच्या त्या दवाखान्यात किडनीच्या पेशंटांचं सगळं त्याच बघायच्या. कुणाची किडनी कुणाला, त्यासाठी कुठल्या तपासण्या, समितीपुढे कधी जायचं. त्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या बुद्धरत्नकडे पेन दाखवून साध्या कन्नडमध्ये विचारलं होतं, हे तुमचे कोण. आता त्यांनी विचारलं, सख्खा का. मानलेला, विजयश्री म्हणाली. "मानलेलं इथं चालत नाही," लक्ष्मम्मा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुकानदार फाटकी नोट परत करतो तसं त्या सांगत होत्या. आई, बाप, नवरा, बायको, मुलं, सख्खी भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. एवढ्यातलं कुणी देणारं असेल तर काम सोपं. नसेल तर समितीसमोर जायचं आणि हा माणूस परक्याला आपली किडनी का देतोय हे समितीला पटवायचं. बुद्धरत्ननं मांडीवरचा हात फक्त उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, तिच्यापासून लांबच्या.

बाहेर फाल्गुनातलं ऊन होतं. डाळमिलकडून येणाऱ्या वाऱ्याला तुरीच्या फोलाचा कोरडा वास होता आणि तो तिच्या घशात बसत होता. बुद्धरत्न गाडी काढायला गेला तेव्हा ती फाटकाशी उभी राहून तो शब्द मनात पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिली. गेल्या सात वर्षांत तिनं या माणसासाठी किती शब्द वापरले होते. दूधवाल्याला ती म्हणायची, वरच्या खोलीतले. शाळेत, जिथं ती सायन्स शिकवायची, तिथं म्हणायची, ह्यांच्या दुकानातले. करजगीला सासूसमोर नुसतं, बुद्धरत्न. तोही चारचौघांत तिला वैनी म्हणायचा आणि घराचं दार लागलं की विजू. दाराच्या आतबाहेर शब्द बदलायची दोघांना इतकी सवय झाली होती की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण भाऊ ती कधी म्हणाली नव्हती. बाकीचे शब्द अर्धे होते, काहीतरी झाकून ठेवणारे. हा शब्द झाकत नव्हता, पुसत होता. आणि तिला भीती याची वाटली की तो किती सहज आला, जिभेच्या टोकावर वाट बघत बसल्यासारखा.

घरी तिचा नवरा शिवप्रसाद हॉलमधल्या पलंगावर पडला होता. डायलिसिसहून आलं की तो असा पडायचा, पाय उशीवर, डोळे मिटलेले, तोंड कोरडं. पाणी मोजूनच प्यायचं असल्यामुळे तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा, लहान मूल गोळी धरतं तसा. आठवड्यातून तीनदा मशीन त्याचं रक्त बाहेर काढून धुऊन परत घालत होतं आणि दर वेळी माणूस थोडा कमी होऊन घरी येत होता. विजयश्रीचा रक्तगट जुळला नव्हता. शिवप्रसादच्या वडिलांना साखर, आईला रक्तदाब, भावंडं नाहीत. जुळला तो बुद्धरत्न. तपासणीचा निकाल कळला त्या दिवशी त्यानं बाजारातून पेरू आणून कापून तिघांपुढे ठेवले होते आणि मग शिवप्रसादला पेरू चालत नाही हे आठवून त्याच्या वाटणीचे स्वतः खाल्ले होते. आता लक्ष्मम्मांकडे काय झालं ते विजयश्रीनं सांगितलं. काहीच गाळलं नाही. शिवप्रसादनं डोळे उघडले. "म्हणजे मी तुझा मेहुणा झालो की रे बुद्धा," तो म्हणाला. आधी तो एकटाच हसला, मग बुद्धरत्न हसला, मग तीही. पण हसू लवकर संपलं आणि तिघांच्या मध्ये तो प्रश्न तसाच राहिला, की समितीपुढे काय सांगायचं.

मित्र म्हणता आलं असतं. पण मित्र म्हटलं की समितीला काय दिसणार हे विजयश्रीला स्वच्छ दिसत होतं. ठिबकचं दुकान शिवप्रसादच्या नावावर. बुद्धरत्न शेताशेतांत नळ्या अंथरणारा, पंप बसवणारा, महिन्याचा पगार घेणारा. एक करजगीच्या बागायतदाराचा मुलगा, दुसरा औराद तालुक्यातल्या चिंताकीचा, बौद्ध घरातला. मालकाला नोकर किडनी देतोय. तिच्यासमोर असं कुणी आलं असतं तर तिलाही पहिला संशय पैशाचाच आला असता. हा कायदा वाईट नव्हता. ज्यांच्या पोटावर आडवा व्रण आहे आणि हातात काहीच नाही अशा माणसांसाठी तो केलेला होता. लक्ष्मम्मांवर चिडायला तिला जागाच नव्हती, आणि चिडायला जागा नसली की माणूस स्वतःकडे बघायला लागतो.

सुरुवात कशी झाली हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती, ती वाईट नव्हती. मूल नव्हतं, पण कारण ते नव्हतं. लोक उद्या तेच म्हणणार, म्हणून तिनं ते स्वतःशी नीट तपासलं होतं. बुद्धरत्न दुकानात आला आणि राहायला जागा नाही म्हणून वरच्या खोलीत आला. तो जेवायला खाली यायचा आणि जेवून झाल्यावर लगेच उठायचा नाही. शिवप्रसाद आणि तो शेतातल्या पाण्याबद्दल बोलत बसायचे, भीमेचं पाणी, विहिरीचं पाणी, कुठल्या नळीत क्षार साचतात, आणि ती उत्तरपत्रिका तपासता तपासता ऐकायची. मग एकदा तिला कळलं की तो गावी गेला की आपण जिन्याकडे बघतो. तिनं ते मनात खोल पुरलं. वर्षभर पुरून ठेवलं. एका दुपारी शिवप्रसाद ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता, आणि वर न बघता म्हणाला, "तुला तो आवडतो. मला कधीचं दिसायलंय. राग यायला पाहिजे, मी वाट बघतोय, येत न्हाई." तो पुढे म्हणाला होता की त्यालाही बुद्धा गावी गेला की घर ओकंबोकं वाटतं, वेगळ्या तऱ्हेनं, पण वाटतं. आणि एका माणसाला दोन जागी जीव लावता येत नाही असं कुणी ठरवलं ते त्याला ठाऊक नाही, त्याच्या घरात तर येतच होता. शेंगांची टरफलं वाऱ्यानं ओसरीभर झाली होती. त्यानंतरही कितीतरी महिने काही झालं नाही. नुसतं बोलणं. तिघांनी एकेकट्यानं आणि मिळून, भांडत, रुसत, कधी बुद्धरत्न आठ-आठ दिवस चिंताकीला जाऊन बसत. मत्सर आला नाही असं नाही. आला. शिवप्रसादला आला, बुद्धरत्नला आला, आणि त्या दोघांचं पाण्याबद्दलचं बोलणं संपता संपत नसे तेव्हा तिलासुद्धा आला. पण तो आला की तिघं तो ताटाशेजारी ठेवून बोलत बसत, आणि हळूहळू घराला एक वळण पडलं.

'माझ्या घरात तर येतच होता' म्हणताना शिवप्रसादच्या मनात काय होतं ते तिला ठाऊक होतं. करजगीत त्याच्या वडिलांना, किशनरावांना, दोन बायका होत्या. शकुबाई लग्नाची, शिवप्रसादची आई. गुरुबाई नंतर आणलेली, चुलतभावाची विधवा, शेजारच्या शेतातली. तिला कधी माळ घातली की नाही हे कुणी विचारलं नाही. दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायच्या. हळदीकुंकवाला दोघींना बोलावणं यायचं, गावकरी थोरली वैनी आणि धाकटी वैनी म्हणायचे. कायद्यानं ते केव्हाच बंद होतं, आणि गावाला त्याचं काही नव्हतं. लग्न होऊन विजयश्री त्या घरात आली तेव्हा तिला ते खटकलं होतं आणि मग खटकायचं थांबलं होतं. आता तेच उलटं करून बघितलं की मात्र डोळ्यासमोर अख्खं करजगी उभं राहायचं, एकही माणूस न बोलता.

त्या दिवसांत ती फोनवर खूप वाचायची, शिवप्रसाद मशीनला जोडलेला असताना, बाहेरच्या बाकावर. अमेरिकेतल्या एका लहान शहरानं दोनाहून जास्त माणसांचं घर आपल्या दप्तरी मान्य केलं होतं. दक्षिण अमेरिकेत कुठं तिघांनी वकिलासमोर आपलं नातं लिहून घेतलं होतं. कितीतरी देशांत पुरुषाला कायद्यानंच अनेक बायका करता येत होत्या, बाईला कुठंच नाही. आणि आपल्याकडे? नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केलं तर गुन्हा. तिनं लग्न केलेलं नव्हतं. सज्ञान माणसं एकत्र राहिली तर आता गुन्हा नाही. तिनं फोन पर्समध्ये टाकला होता. म्हणजे कायद्याच्या लेखी आपण तिघं गुन्हेगार नाही. आणि कुणीच नाही. समोरच्या भिंतीवर पालीसारखा चिकटलेला एक पंखा आवाज करत फिरत होता, आणि तिला त्या दूरच्या शहराचा हेवा वाटला नाही, तिथली थंडी कशी असेल एवढंच मनात आलं. तिला तिथं जायचं नव्हतं. तिला इथंच, डाळमिलच्या वासात, लक्ष्मम्मांच्या टेबलासमोर, कुणीतरी असायचं होतं.

किशनरावांना शिवप्रसादनं फोन केला. स्पीकर लावला होता, कारण फोन धरून त्याचा हात दुखायचा. समितीपुढे आम्ही खरं सांगायचं म्हणतोय, तो म्हणाला, आणि खरं काय ते चार वाक्यांत सांगितलं. मग म्हातारा बोलला. आपल्याला कळत नव्हतं असं त्याला वाटतं का, त्यांनी विचारलं. गाव आंधळं नाही. पण दिसणं वेगळं आणि सांगणं वेगळं. सांगितलं की परत घेता येत नाही. "मित्र म्हणा, गडी म्हणा. गड्यानं मालकासाठी जीव लावला म्हणा, लोक वाहवा करतील. पण ते कामून सांगायचं? कुणी मागितलंय तुमच्याकडं?" शिवप्रसादनं बर्फाचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. बुद्धरत्न स्वयंपाकघराच्या दारात भात निथळवत उभा होता, आणि गडी हा शब्द ऐकून त्यानं पातेलं अलगद ओट्यावर ठेवलं, आवाज न करता. त्या आवाज न करण्यानंच विजयश्रीला पहिल्यांदा खरा राग आला. इतक्या वर्षांत या घरात त्याला किती गोष्टी आवाज न करता ठेवाव्या लागल्या असतील.

चिंताकीला ती आणि बुद्धरत्न बसनं गेले. देणाऱ्याच्या घरचं माणूसही समितीपुढे हवं असतं, आणि त्याच्या घरचं म्हणजे त्याची आई, शोभाबाई. बिदर मागं पडलं की बसमधली भाषा बदलायची, मराठीत तेलुगू मिसळायचं, कंडक्टर तिन्ही भाषांत सुट्टे मागायचा. विजयश्री त्या घरी याआधी दोनदा गेली होती, दोन्ही वेळा दुकानाच्या मालकाची बायको म्हणून, आणि दोन्ही वेळा शोभाबाईंनी तिला खुर्ची देऊन स्वतः खाली बसून घेतलं होतं. या वेळी ती आधीच खाली बसली. कपाटावर बुद्धाची मूर्ती, भिंतीला बाबासाहेबांची तसबीर, खाली सुपात निवडायची तूर. शोभाबाईंनी सगळं ऐकलं, डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस पडून राहावं लागतं, एका किडनीवर माणूस जगतो का. हात थांबले नाहीत. मग त्या बोलल्या, विजयश्रीशीच, मुलाकडे न बघता.

"आमच्या लोकायनी तुमच्या लोकायची मेलेली ढोरं वढली. पिढ्या न् पिढ्या वढली. आता जित्या माणसाच्या आतलं काढून द्यायचं व्हय?"

बसमध्ये विजयश्रीनं खूप काय काय जुळवून ठेवलं होतं, ते सगळं एका जागी बसलं आणि उठेना. बुद्धरत्न म्हणाला, आई, माझं हाय, मी द्यायलोय. तुझं हाय म्हणून तर इचारायलेय, शोभाबाई म्हणाल्या. बाहेर कोंबड्या मातीत चोची मारत होत्या. सुपातला एक खडा त्यांनी बाजूला काढला. मग त्यांनी विचारलं की तिथं त्या मोठ्या लोकांनी ह्यो कोण म्हणून विचारलं, तर ती काय सांगणार.

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले," विजयश्री म्हणाली. हे तिला सांगायचं नव्हतं.

"भाऊ न्हाई त्यो."

"न्हाई."

"मग?"

बुद्धरत्न उठून बाहेर गेला नाही. तिला वाटलं होतं तो जाईल. तो भिंतीला टेकून तसाच बसून राहिला, आणि त्याच्या बसण्यातूनच तिला बोलता आलं. "माझा माणूस आहे मावशी," ती म्हणाली. "शिवप्रसाद आहेत तसाच. त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. आम्ही तिघं एका घरात राहतो, घर तिघांचं आहे."

तिनं हे आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं, आणि छप्पर कोसळलं नव्हतं. शोभाबाई बराच वेळ तूर निवडत राहिल्या. त्यांनी रडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, असं विजयश्रीला वाटत होतं. ते सोपं गेलं असतं. शेवटी सूप खाली ठेवून त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मला ह्ये पटलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पटंल असं बी वाटत न्हाई. पण एक सांगते. गडी म्हणून देणार असंल तर म्या तिथं पाऊल टाकणार न्हाई. घरचा म्हणून देणार असंल तर येते, आन् बोलते बी." मग उठल्या आणि तिघांसाठी भाकऱ्या थापायला बसल्या. परतीच्या बसमध्ये बुद्धरत्ननं लोकांदेखत विजयश्रीचा हात हातात घेतला आणि बिदर येईपर्यंत सोडला नाही. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. आपण काय करणार आहोत हे आता तिला माहीत होतं, आणि माहीत असण्यात एक जडपणा होता, भरलेली घागर कमरेवर घेतल्यावर चाल आपोआप सरळ होते तसा.

समिती एका लांबट खोलीत बसली होती. चार माणसं, एक कॅमेरा, पडदे ओढलेले. मधोमध एक वयस्क डॉक्टर, त्यांच्या डाव्या हाताला समाजकार्य करणाऱ्या एक बाई. एकेकाला आत बोलावत होते, आणि पहिली विजयश्रीची पाळी आली. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "एन संबंध?" म्हणजे काय संबंध, आणि तिच्या मनात आलं की संबंध हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, भाषा बदलून त्याच्या मागे लपता येत नाही. आणि त्याच वेळी, कुठून कोण जाणे, तिला आठवीचा वर्ग आठवला, प्रजननाचा धडा. दर वर्षी तो धडा आला की मुलं खाली माना घालून हसायची, आणि ती हसणं संपेपर्यंत थांबायची आणि मग त्याच आवाजात पुढे सांगायची, ना हळू ना मोठ्यानं, कारण तिला ठाऊक होतं की आवाज एकदा जरी खाली गेला की त्या गोष्टीची मुलांना कायमची लाज वाटेल. त्याच आवाजात ती बोलली. मी शिवप्रसादची लग्नाची बायको आहे. बुद्धरत्न आमच्या घरात नोकर नाही, भाडेकरू नाही. त्याचं आणि माझं नातं नवराबायकोसारखंच आहे, माझ्या नवऱ्याला ते पहिल्यापासून मान्य आहे, आणि सात वर्षं आम्ही तिघं एका घरात राहतो. या किडनीसाठी आमच्यात पैशाची देवघेव नाही, कारण आमचं घर एक आहे.

एका सदस्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले की हे सगळं रेकॉर्ड होतंय याची तिला कल्पना आहे ना. आहे, ती म्हणाली. हे एवढं सांगायची काही गरज नव्हती, ते म्हणाले, आणि तिला दिसलं की ते अवघडले आहेत, तिच्यापेक्षा जास्त.

"गरज होती सर. नाहीतर तुम्हाला वाटलं असतं ह्यानं विकली."

मग त्या बाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न खरा होता, विजयश्रीला तो आवडला. त्या म्हणाल्या, समजा हा माणूस आयत्या वेळी नाही म्हणाला, तर त्याचं काय होईल. "घरी येऊन जेवेल," विजयश्री म्हणाली. "रोज जेवतो तसा." बाईंनी मान हलवली, हो म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

बाकीच्यांनी आत काय सांगितलं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. शिवप्रसादला विचारलं की तुम्हाला हे कधी कळलं, तेव्हा तो म्हणाला, हिला कळायच्या आधी. बुद्धरत्नला त्यांनी एकट्याला बराच वेळ बसवून ठेवलं, दबाव आहे का, नोकरी जाईल अशी भीती आहे का, फिरवून फिरवून विचारलं. तो म्हणाला, शिवप्रसादअण्णा गेला तर माझं घर जातं. मी दान बिन करत नाही, माझं घर वाचवायलोय. शोभाबाई आत गेल्या आणि लवकरच बाहेर आल्या. काय बोललात असं विजयश्रीनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बाहेरच्या बाकावर त्या तिच्याशेजारी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून, आणि पिशवीतून काढून दशमी दिली.

परवानगीचं पत्र आलं. प्रेम आणि आपुलकीपोटी देत असल्याची खात्री पटली, असं त्यात होतं. विजयश्रीनं ते वाक्य उभ्यानंच दोनदा वाचलं. कायद्याला त्यांच्यासाठी नाव सापडलेलं नव्हतं, पण एका किडनीपुरती वाट त्यानं दिली होती. सध्या तेवढं पुरे होतं.

गोष्ट बाहेर फुटायला वेळ लागला नाही. दवाखान्यात करजगीचा कुणीतरी कामाला होता. शाळेच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं, पालक विचारायला लागलेत म्हणाले, काही दिवस सुट्टी घ्या, मग बघू. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टी घेतेच आहे, ती म्हणाली, आणि ती संपली की त्याच वर्गावर येणार आहे. काढायचं असेल तर कारण लिहून द्या. त्यांनी काही लिहून दिलं नाही. समोरच्या घरातली बाई दारात रांगोळी घालता घालता तिला बघून आत गेली. हे सगळं तिला वाटलं होतं तसंच होत होतं, आणि वाटलं होतं तेवढं दुखत नव्हतं. दुखत होतं ते वेगळंच. करजगीहून फोन येत नव्हता. ऑपरेशनच्या दिवशी शिवप्रसादनं भूल द्यायला नेईपर्यंत फोन उशाशी ठेवला होता. दोघांना शेजारशेजारच्या दारांतून आत नेलं. कुणाला आधी बघावं असा प्रश्न तिला पडलाच नाही, कारण दोन्ही दारं एकाच वेळी बंद झाली. त्यानंतरच्या तासांतलं तिला पुढं फारसं आठवलं नाही. फिनाईलचा वास, शोभाबाईंचा खांदा, ज्यावर कधीतरी तिचं डोकं गेलं आणि जो बाजूला झाला नाही. दुपारी डॉक्टर येऊन म्हणाले की किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं.

दोघं सावरल्यावर, शोभाबाईंना त्यांच्याजवळ बसवून, ती एकटीच करजगीला गेली. शिवप्रसाद नको म्हणाला होता. बुद्धरत्ननं तिच्या बाटलीत पाणी भरून दिलं. अफजलपूरपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि पाटाचं पाणी उन्हात चमकत होतं. ती खिडकीशी बसून होती आणि तिला भीती वाटत होती, साधी, सुनेची भीती, चौदा वर्षांची जुनी. ती तिनं तशीच बरोबर राहू दिली. स्टँडपासून घरापर्यंत तिनं पदर सावरला नाही. पारावरची माणसं बोलायची थांबली, आणि ती ओळखीच्यांकडे बघून मान हलवत पुढे गेली.

किशनराव ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांनी तिला बघितलं आणि तोंड शेताकडे फिरवलं. गुरुबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिली. शकुबाई दारातच बसल्या. विजयश्री पाणी प्याली. मग तिनं ऑपरेशन कसं झालं ते सांगितलं. शिवप्रसादच्या पायांची सूज उतरली, तो तांब्याभर पाणी एका दमात प्याला आणि रडला, आणखी काही दिवसांनी घरी सोडतील. तिला वाटलं आपण उठावं. पण ती उठली नाही.

"ते दुसरं पोरगं कसं हाय?" शकुबाईंनी विचारलं.

"चालायला लागलाय. टाके दुखतात म्हणतो."

"जेवतंय का?"

"जेवतो. आई आल्यात त्याच्या, त्या भरवतात."

गुरुबाई खांबाजवळून हलली आणि खाली बसली, विजयश्रीच्या बाजूला. विजयश्री सासऱ्यांच्या पाठीकडे बघत होती, बनियनमधून दिसणाऱ्या हाडांकडे, आणि त्या पाठीलाच ती बोलली. "अप्पा, मी लपवून ठेवायचं असतं तर आज आले नसते. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की आम्ही येणार आहोत. तिघं. तुम्ही घरात घेतलं तर घरात, न्हाई घेतलं तर ओसरीवर बसू आणि संध्याकाळच्या बसनं जाऊ. पण येऊ."

उसाच्या पाल्यावरून वारा आला आणि गेला. मग सासऱ्यांनी विचारलं, तोंड अजून शेताकडेच ठेवून, "कोणत्या बाजूची दिली त्यानं?"

"डावी."

किशनरावांनी उजवा हात उचलला, बनियनखाली घातला, आपल्याच डाव्या बरगडीच्या खाली चाचपला, आणि तिथंच धरून ठेवला.